ओलं पोतं

बुधवार, संध्याकाळ. नौबाद.

धाकटी बहीण सुनंदा चिटगुप्प्याहून विजेवरच्या स्कूटरची बॅटरी घेऊन आली. तिची अंगणवाडीत कामाला जायची गाडी बंद पडलीय. बॅटरी ओल्या पोत्यात गुंडाळलेली, माठ गुंडाळतात तशी.

"अण्णा, तूच म्हणलास न्हाई का, उन्हाळ्यात बॅटरी थंड ठेव? रोज दोनदा पाणी मारायलेय की."

व्हय, मीच म्हणालो होतो. सावलीत ठेव, एवढंच सांगायचं होतं. कॉलेजात बॅटरीवर तासन्‌तास शिकवतो, आणि घरच्या माणसाला एक वाक्य धड सांगता येऊ नये? आत पाणी शिरलंय. आता ती दुरुस्त होत नाही.

"कामून बिघडली?" तिनं विचारलं. पाण्यानं, हे न सांगता जुनी झाली म्हणालो.

जाताना तिनं ते पोतं पिळून पिशवीत घातलं. नव्या बॅटरीला लागंल म्हणाली.