फोन तळमजल्यावर, निरोप चौथ्यावर

६ जानेवारी १९९२, सोमवार

फोन लागला. लाइनमन महिपत यांनी एक्स्चेंजला लावून, ‘हॅलो, येतंय का?’ असं दोनदा विचारून खात्री करून दिली. अर्ज केला तेव्हा मी ठाण्याच्या कचेरीत साधा कारकून होतो. मधल्या काळात हेडक्लार्क झालो, निवृत्त झालो, पण टेलिफोन खातं मला विसरलं नाही. महिपतांनी पेढे मागितले. ही म्हणाली, “पेढे नाही हो मिळणार. आमच्याकडे आजच साखर वाढलेली निघाली आहे.”

तेही खरं आहे. सकाळी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहून चष्मा काढला. म्हणाल्या, “देवरामकाका, साखर गोळ्यांना दाद देत नाहीये. एप्रिलपर्यंत हातपाय हलवा, तोंड आवरा. नाहीतर रोज इन्शुलिनची सुई, तीही स्वतःच्या हाताने.”

सुईला मी घाबरत नाही. कचेरीत लस टोचायला लोक आले होते तेव्हा मी रेकॉर्डरूममध्ये होतो, ते कामासाठी.

निर्णय: उद्यापासून पहाटे काळ्या तलावाला चकरा. गोड पूर्ण बंद. फोनच्या डायलला कुलूप, किल्ली जानव्याला बांधतात तशी कमरेला, म्हणजे आपल्या करदोट्याला. इमारतीत एकच फोन, लोक तुटून पडतील. शिस्त हवी.

ही म्हणाली, “फोनला कुलूप लावलंत. साखरेच्या डब्याला कोण लावणार?”

किल्ली करदोट्याला बांधली.

७ जानेवारी

पहाटे गेलो नाही. थंडी. थंडीत एकदम चाललं तर वाईट, असं कुठेतरी वाचलंय. उद्या.

फोन नंबर फक्त तिघांना द्यायचा: नाशिकला मुलगी, पेन्शनचं ऑफिस, डॉक्टरबाई.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला फोन आला! इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो, ते वाया गेलं नाही. थेट मस्कतहून. पण माझ्यासाठी नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या शेवंतीबाई कोळणीचा राघो तिकडे नोकरीला आहे, त्याचा. “काका, आयेला बोलवा ना, मी पाच मिन्टात परत लावतो.” नंबर त्याला कोणी दिला? हिने. ही म्हणाली, पोराला शुक्रवारची एक सुट्टी, पत्र यायला महिना लागतो, मग फोन काय शोभेला ठेवायचा?

आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. लिफ्टची जागा आहे, तिथे सोसायटीची मोडकी कपाटं असतात. चढलो. तिसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीला टेकलो. वर दार वाजवलं तर शेवंतीबाई म्हणाल्या, “आयलू, आयलू! दादा, तुमी बसा जरा, तोंड लाल झालाय.” आणि माझ्या आधी खाली. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बंदरावरून बाजारात गेलेली बाई. मी खाली पोहोचलो तेव्हा बोलणं अर्ध्यावर आलं होतं. “जेवतंस ना रं वेळेव? मंग आवाज का असा?” हे तिने इतक्यांदा विचारलं की मलाच सांगावंसं वाटलं, जेवतो म्हणून.

हे एकदाच. पुन्हा नाही.

१५ जानेवारी

आज खरोखर तलावावर गेलो. कडेच्या टपरीवर बसून तलाव नीट पाहिला. हवा उत्तम. भजी एकच प्लेट. भजी गोड नसतात.

तिळगूळ घेतला. नाही घेतला तर समोरच्याला वाईट वाटतं.

२३ जानेवारी

कमाल झाली. तिसऱ्या मजल्यावरचा कुंडलिक विम्याचा एजंट आहे. त्याने कार्डं छापली, त्यावर माझा नंबर, पुढे ‘पीपी’. म्हणजे शेजाऱ्यांमार्फत. मी विचारलं, “मला न विचारता?” तर म्हणतो, “काका, टेन्शन नका घेऊ. मावशींना विचारलं.” सकाळपासून सात जणांनी विम्याचा हप्ता या विषयावर मला झोपेतून, आंघोळीतून, जेवणातून उठवलं. सातही वेळा तिसरा मजला.

कुलपाचा उपयोग नाही हे लक्षात आलं. कुलपाने जाणारे फोन बंद होतात. येणारे येतच राहतात. याचा विचार शोध लावणाऱ्याने करायला हवा होता.

१ फेब्रुवारी

व्यवहारी तोडगा काढला. निवृत्त माणसाने उत्पन्नाचं साधन शोधलं पाहिजे. फोनशेजारी पत्र्याचा डबा ठेवला, त्यावर चिठ्ठी: ‘स्वेच्छेने’. जाणाऱ्या कॉलचे पैसे मागता येतात, पण आलेल्या फोनचं बिल मला शून्य येतं, मग मागायचे कसले? ‘जिना चढण्याबद्दल’ असं लिहिणार होतो. ही म्हणाली, “लिहा, आणि मग चौथ्या मजल्यावर तुम्हीच तोंड दाखवायला जा.”

डब्यात अजून काही पडलेलं नाही. पण संध्याकाळी शेवंतीबाईंनी तळलेल्या मांदेलींची ताटली पाठवली. मांदेली गोड नसतात.

११ फेब्रुवारी

पेन्शनच्या कामाला ठाण्याला गेलो. काम झालं नाही, साहेब रजेवर. पण जाणं सार्थकी लागलं. एका हॉलमध्ये आरोग्याचं प्रदर्शन होतं, तिथे चुंबकाचा पट्टा घेतला. कमरेला बांधायचा, रक्तातली साखर आपोआप जागेवर येते. विक्रेत्याने शास्त्रीय कारण सांगितलं, मला पूर्ण पटलं. आता चकरांची गरज नाही. तरी मी मारणारच आहे.

हिने पट्टा पाहिला. मग दाराची कडी त्याला चिकटते का पाहिलं. चिकटली. “निदान किल्ली तरी हरवणार नाही,” म्हणाली.

२० फेब्रुवारी

विज्ञान म्हणजे डोकं वापरणं. जिन्याच्या मधल्या पोकळीतून चौथ्या मजल्यापर्यंत दोरी नेली, वर घंटा बांधली. खालून एकदा ओढली तर तिसरा मजला, दोनदा ओढली तर चौथा. कुंडलिकच्या मदतीने दुपारभर काम. आता माझे पाय मोकळे.

२२ फेब्रुवारी

दोरी ओढली, घंटा वाजेना. जोर लावला तर अंगावर बोंबील पडले. शेवंतीबाईंनी वरच्या टोकाला वाळत घातले होते. “दादा, दोरी कोनी बांधली ठाव नाय, पन लई बेस बांधली. वारा मस्त लागतो.” घंटा त्यांनी काढून जपून ठेवली आहे. मागितली तर देईन म्हणाल्या.

मागितली नाही. बोंबलांचं कालवण आलं होतं.

१३ मार्च, शुक्रवार

राघोचा फोन. आज आवाज बरा नव्हता, ताप होता म्हणाला. परत लावू नको, धरून ठेव म्हणालो आणि निघालो. दोन-दोन पायऱ्या. मस्कतला पोराला प्रत्येक मिनिटाचे पैसे पडतात, ती काय माझ्या दम खाण्यावर घालवायची? वर पोहोचलो तेव्हा धाप नव्हती. पट्ट्याचा गुण. चुंबक आता रक्तात उतरू लागलंय.

१९ मार्च

तलाव: गेलो नाही. कुंडलिकच्या विम्याच्या पार्ट्यांचे चार फोन, दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या सासूचा निरोप, शेवंतीबाईंच्या भाचीचं लग्न जमलं ते वर सांगायला, मुहूर्त बदलला ते पुन्हा सांगायला. दिवसभर माणूस जिन्यात असेल तर व्यायामाला वेळ कधी मिळायचा? डॉक्टरबाईंना स्पष्ट सांगणार आहे.

६ एप्रिल

विजय! साखर उतरली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला, लॅबला फोन लावून नाव बरोबर आहे ना हेही विचारलं. सुई रद्द. “काय केलंत?” मी शर्ट वर करून पट्टा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून रिपोर्ट पुन्हा पाहिला. ही काहीतरी बोलणार होती, पण मी तिला गर्दीत रिक्षा मिळणार नाही म्हणून बाहेर आणलं.

आता ही विद्या आपल्यापुरती ठेवणं बरं नाही. ठाण्याच्या विक्रेत्याला पत्र टाकलं. एक खोकाभर पट्टे मागवतो. कल्याण विभागाची एजन्सी माझ्याकडे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी सगळ्यांना जय भीम, दुपारी वस्तीत सभा, संध्याकाळी मिरवणूक. लाडू वाटायचं काम माझ्याकडे होतं. फुटके लाडू लोकांना देणं बरं दिसत नाही. ते कुठे गेले असं हिने विचारलं. मिरवणूक बघायला गर्दी फार होती, असं सांगितलं.

पट्टा बांधलेला असताना लाडवाने काही होत नाही.

९ मे

पट्टे आले. कुंडलिकने एक घेतला, स्कूटरच्या डिकीचं झाकण धरून ठेवायला. पैसे नंतर देतो म्हणाला. शेवंतीबाईंनी एक हातात घेऊन वजन केलं आणि परत दिला. बाकी खोकं पलंगाखाली. जाहिरात कमी पडतेय.

आनंदाची बातमी: कुंडलिकला स्वतःचा फोन मंजूर झाला. राघोनेही तिकडून पैसे भरून आईच्या नावाने तातडीच्या योजनेत नंबर घेतला. महिपत येऊन दोन्ही जोडून गेले. शिवाय खाली रस्त्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ उघडला. म्हणजे माझी सुटका. हे सगळं इतकं एका महिन्यात व्हायचं होतं तर मी आधी कशाला धावलो?

४ जून

काय शांतता आहे. दुपारी दोन तास झोपलो. कोणी उठवलं नाही.

१६ जून

चार तास झोपलो. उठून रिसीव्हर उचलून पाहिला. चालू आहे. मुलीला नाशिकला लावून ‘सहज’ म्हटलं. ती म्हणाली, “बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?” सहज फोन करायची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

१३ जुलै, सोमवार

साखर वाढली. जानेवारीपेक्षाही वर. डॉक्टरबाईंनी सुईचं खोकं टेबलावर ठेवलं, मी खुर्ची थोडी मागे घेतली. पट्टा चोवीस तास बांधलेला होता हे मी शपथेवर सांगितलं. चुंबक जुनं झालं असेल, पलंगाखाली नवा माल आहे, असंही सांगितलं.

“मधल्या दोन महिन्यांत काय बदललं?” त्यांनी मला विचारलं, उत्तर हिने दिलं. “बाई, लोकांकडे स्वतःचे फोन आले. आधी हे दिवसभर वर-खाली करायचे, मस्कतचा फोन आला तर पळायचे. आता पलंगावरून उठत नाहीत.”

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की बाहेरचा पेशंट आत डोकावला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “एक महिना देते काका. जिने चढा. महिन्यानंतर खरंच सुई.”

मला हे पटलेलं नाही. शास्त्र असं चालत नसतं.

१४ जुलै

तरी प्रयोग म्हणून जिना चढायला निघालो. दुसऱ्या मजल्यावर मास्तर भेटले. “कुणाकडे?” कुणाकडे नाही, असं कसं सांगणार? ‘गच्चीची टाकी बघायला’ म्हणालो. परत येताना पुन्हा भेटले. “भरली का?” कामाशिवाय जिना चढणारा माणूस चोरासारखा दिसतो. उद्यापासून बंद. सुई फार बारीक असते असं म्हणतात.

हे हिला सांगितलं. ही पदर खोचून वर गेली. भाजी निवडायला असेल.

१७ जुलै, शुक्रवार

चमत्कारिक दिवस. सकाळी कुंडलिकची पार्टी माझ्या नंबरवर. म्हणाले, साहेबांनी इथेच लावायला सांगितलंय. वर गेलो, कुंडलिक म्हणाला, “काका, जुनी कार्डं शिल्लक आहेत ना, वाया कशाला घालवायची?” तासाभरात दुसरी पार्टी. मग मास्तरांची सासू.

दुपारी राघो. “काका, आयेला बोलवा ना.” मी म्हटलं, अरे, तिच्या घरी फोन आहे की! तो जरा अडखळला. “तो... बिघडलाय, काका.” मागून कोणीतरी हसत होतं.

चढलो. तिसऱ्या मजल्यावर टेकलो. दोन महिन्यांत पायऱ्या वाढवल्यासारख्या वाटतात. दार उघडंच होतं. स्टुलावर शेवंतीबाईंचा नवा फोन, वर विणलेला रुमाल. आणि तो वाजत होता. खणखणीत. शेवंतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग चुलीजवळचा टॉवेल आणून रुमालावर टाकला.

“बिघडलाय, दादा,” म्हणाल्या. “दोन दिस झाले, वाजतच नाय.”

तो वाजतच होता.

“महिपतांना कळवू का?” मी विचारलं.

“नको नको. बिघडलेला र्‍हावंदे. चला, पोर ताटकळलंय.” आणि माझ्या आधी खाली.

मी मागून हळूहळू उतरलो. इतके महिने मला वाटत होतं की या इमारतीवर उपकार मी करतोय. घरी आलो तर ही फोनशेजारी भाजी निवडत बसली होती, मान खाली घालून. मंगळवारी ही वर गेली तेव्हा हातात भाजी नव्हतीच, हे आत्ता लक्षात आलं.

करदोट्याची किल्ली सोडून हिच्या हातात दिली. पट्टाही सोडला. हिने तो सिलिंडरला गुंडाळून ठेवला, लायटर चिकटवायला.

शेवंतीबाईंचा फोन बिघडलेला आहे. मी स्वतः ऐकला, उत्तम वाजत होता, तरी बिघडलेला आहे. पुढच्या शुक्रवारी राघोचा फोन इथेच यायचा आहे. चपला दाराशी काढून ठेवल्या आहेत.