मलंगगडाखालचा ओढा

मलंगगडाचा पायथा,
आषाढ शुद्ध ९, शके १८००

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी सुमतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही सर्व कुशल, हे प्रघात म्हणून लिहिते. खरे म्हणजे घरामागचा ओढा मला झोपू देत नाही. लग्न होऊन आले तेव्हा निऱ्या न भिजता तो ओलांडता येई. वरचे रान कोळशासाठी तुटले आणि पाण्याने तळ असा खरवडला, की आत उतरलेला माणूस आता काठावरून दिसत नाही. दरडी रोज ढासळतात. जांभळाची मुळे अधांतरी लोंबतात. पाणी दाट, आणि त्याच्या पोटात धोंडे गडगडत असतात.

जागा सोडू म्हटले तर मामंजी म्हणतात, सुनेने चूल सांभाळावी, डोंगर देव सांभाळील. इकडची स्वारी वडिलांपुढे बोलत नाही. तुम्ही येऊन चार शब्द सांगाल का? उत्तरा ‘मामा’ म्हणू लागली आहे, पण मांजराला. रागावू नये.

तुमच्या मायेची भुकेली,
सुमती

ठाणे, आषाढ शुद्ध १४

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

पाल दिसली की माळ्यावर चढणारी तू, म्हणून पत्र वाचून आधी हसलो. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा हसू आले नाही. थळ घाटात रेल्वेचे काम चालले असता मी तिथे नवखा कारकून होतो. डोंगर सुटलेला पाहिला आहे. नुसते पाणी येत नाही. चिखल, धोंडे, झाडे एकजीव होऊन येतात. पाऊस कोसळत असूनही ओढा एकाएकी आटला, तर वर पाणी अडले आहे असे समज. मग कोणाची आज्ञा मागू नकोस. काठाने खाली पळू नकोस, बाजूच्या टेकाडावर चढ.

साहेब रजा देत नाही. कल्याणचा काळुराम गाडीवान हे पत्र आणील. मामंजींना वेगळी विनंती लिहिली आहे. राघोपंतांस नमस्कार. उत्तरेस मांजरासकट आशीर्वाद.

तुझा काळजीत पडलेला,
गुरुदत्त

शेजारगावचे देऊळ,
आषाढ वद्य ६

ती. दादांस सा. न.

दादा, डोंगर सुटला.

दुपारी पाऊस धो धो पडत होता आणि मागचा गडगडाट थांबला. पाहते तो ओढ्यात नुसती ओली वाळू. मी उत्तरेला कडेवर घेतले, सासूबाईंचा हात धरला. जन्मात न विचारता उंबरा न ओलांडलेल्या त्या, पण ती वाळू पाहून मुकाट्याने आल्या. मामंजी उठेनात. इकडून त्यांची मनधरणी चालली होती.

आम्ही टेकाडावर पोचलो, तो इकडची स्वारी मामंजींना पाठुंगळी घेऊन येताना दिसली. मागून चिखल आला. त्यात झाडे उभीच्या उभी चालत होती. स्वारीने मामंजींना चढावर लोटले, आणि मग खाली कोणी नव्हते. घर नाही, गोठा नाही. सासूबाई मला विचारत राहिल्या, राघो कुठल्या वाटेने गेला?

वर अजून भेगा आहेत, म्हणून धोंडे उपसायला माणसे धजत नाहीत. तुम्ही या.

सुमती

ठाणे, आषाढ वद्य १२

चि. सुमतीस आशीर्वाद.

रजेवाचून निघालो होतो. कल्याणपुढे वाट वाहून गेली आहे, छातीइतक्या पाण्यातून परत फिरलो. पाणी उतरताच काळुराम गाडी घेऊन येईल. सर्वांनी ठाण्यास यावे. मामंजींना एकटे सोडू नकोस. हे घर तुमचेच.

गुरुदत्त

मलंगगडाचा पायथा,
श्रावण शुद्ध ३

ती. दादांस सा. न.

गाडी आली. मामंजी त्या दिवसापासून धोंड्यांत बसून हातांनी माती उकरत होते. ओढ्याने नवी वाट धरली आहे, ती त्यांच्या अगदी जवळून. काठ तुटून पडतो, तरी ते हलत नव्हते. राघो खाली आहे, मी कसा येऊ, एवढेच म्हणत. मी समजावणे सोडले. त्यांच्याजवळ बसले आणि मीही उकरू लागले.

बऱ्याच वेळाने त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, “सूनबाई, रक्त आलंय. ऊठ आता. तू म्हणशील तिकडे जाऊ.”

ते उठले. सासूबाई नि उत्तरेजवळ गाडीत जाऊन बसले. काळुराम बैल जुंपून उभा आहे. दादा, आता माझेच पाय उचलत नाहीत. सर्वांनी हाका मारून झाल्या. गाडी पुढे पाठवते आहे, तिच्याबरोबरच हे पत्र.

तुमचा लोभ आहे हे ठाऊक आहे. तो घेऊन इथवर या, आणि मला उठवून न्या.

सुमती