स्टोनगेटचा दिवेवाला

बेस्ट गाव, १४ नोव्हेंबर २०१६, संध्याकाळ

माझ्या नातीनं, ईरानं, आज वर्गात यॉर्कच्या स्टोनगेट रस्त्याचा इतिहास सांगितला. रोमनांनी आखलेल्या वाटेवरच आजचा रस्ता आहे, हे तिनं पुस्तकातून घेतलं. पण त्यात तिनं सांगितलेला, कविता म्हणत दिवे लावणारा म्हातारा मी रचलेला! परवा तिला तो रस्ता स्वतः पाहिल्यासारखा रंगवून सांगताना तो माझ्या तोंडून निघून गेला. मी तर इंग्लंड कधी पाहिलेलंच नाही.

घरी येताच म्हणाली, "टीचरनं विचारलं, हे कुठे वाचलंस? आय सेड, माझे आजोबा तिथे गेलेत. गेलात ना, आजोबा?"

मी ‘हो’ म्हणालो. का म्हणालो? जन्मभर मुलांना मराठी शिकवलं, आणि नातीपुढे हे...

तिनं दिवेवाल्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय. त्याला माझाच चष्मा घातलाय. पाणी प्यायलाही तिकडे जाववत नाही.