वाळीतल्या हाताचा सदरा

मी, जोनास श्लाबाख, वय एकोणपन्नास, सोमवारी सकाळी स्वतःला पुरताना घालायचा पांढरा सदरा धुतला. तो माझ्या बायकोने, एड्नाने, शिवला होता. पेटीत राहून पिवळा पडला होता. साबण पुरता न काढताच मी नीळ घातली आणि त्यावर तांबूस ठिपके उठले. आमच्याकडे सोमवारी प्रत्येक अंगणात धुणं वाळतं. एका माणसाचं धुणं वाळत घातलं की दोरी रिकामीच दिसते. मला पुढची पेरणी दिसेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणून देवाला स्मरून, शुद्धीत आणि स्वखुशीने लिहितो.

घर आणि शेत धाकटा भाऊ रॉय याला. माझी लांब शिडी त्याने नेलेली आहेच. तीही त्याचीच समजावी.

साबणाची कढई, पिळणी, सिरक्याची बरणी, नीळ आणि लाकडी चिमटे मुलगी लोव्हिना हिला. बाप्तिस्मा घेतल्यानंतर तिने मंडळी, म्हणजे आमच्या पंथाचं चर्च, सोडली, म्हणून ती वाळीत आहे. तिला देता येतं, तिच्या हातून घेता येत नाही, तिच्याबरोबर एका टेबलावर जेवता येत नाही. एड्ना असताना ती जेवायला आली, तेव्हा आम्ही दोन टेबलं वीतभर अंतर सोडून मांडली आणि वर एकच चादर घातली. बिटाच्या लोणच्याचा रस नेमका मधल्या फटीवर सांडला. लोव्हिना म्हणाली, "बघा, बिटाला काही कळत नाही, कोण वाळीत आहे ते!" एड्ना हसली. मी हसलो नाही. त्यानंतर लोव्हिना आली ती आईच्या मातीला, आणि दारातूनच परतली.

सदऱ्यावरच्या ठिपक्यांबद्दल रॉय म्हणाला, "मातीत कोण बघतंय, दादा?" मी म्हणालो, "एड्ना बघेल." आमच्या घरांत फोन नसतो, म्हणून रस्त्यावरच्या फोनच्या खोपटातून लोव्हिनाला निरोप ठेवला.

आज ती आली. "नीळ आधी घातलीत? बाबा, आईने तुम्हाला घराबाहेर काढलं असतं!" तिने ठिपक्यांवर लिंबू आणि मीठ चोळलं, सदरा उन्हात घातला. संध्याकाळी घडी घालून, मला उचलता यावा म्हणून, रीतीप्रमाणे टेबलावर ठेवायला निघाली.

मी म्हणालो, "ठेवू नकोस. इकडे दे."

सदरा मी तिच्या हातातून घेतला. अजून ऊबदार होता. रविवारी मंडळीपुढे गुडघे टेकून हे सांगेन. मला पुरताना हाच घालावा.

सही: जोनास श्लाबाख
साक्षीदार: मोझेस हर्शबर्गर, शेजारी
साक्षीदार: रॉय श्लाबाख, भाऊ. हातातून घेताना पाहिलं. तरी सही करतो.
होम्स परगणा, ओहायो. गुरुवार, १२ सप्टेंबर २०१९