दोरा तोडायचा दात

प्रिय धाकटे,

अक्षर वाकडंतिकडं आलं असेल, तर सांभाळून घे. कापायच्या टेबलाशी उभ्यानंच लिहितेय. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की खिडकीशी जावंसं वाटतं, आणि खिडकीतून बघण्यासारखं काही नाही. समोरचा औषधवाला तेवढा काचा पुसत असतो. मशीनवर बसायला मला बंदी आहे, खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि, हस आता, बोलायचंसुद्धा बेतानं. वरचा ओठ ताणायचा नाही म्हणे. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा! गिऱ्हाइकं आली की मी खुणा करते आणि ती मला बहिरी समजून माझ्यावर ओरडतात.

झालं असं, की माझ्या दाताचं ऑपरेशन झालं. तोच तो, पुढचा, दोरा तोडायचा. किती वर्षं माझ्या मागे लागली होतीस! कात्री काय शोभेला ठेवलीय का, म्हणायचीस. पण कात्री कायम तुझ्याच हातात असायची की गं. तू कापायचंस, मी शिवायचं, हे आपलं पहिल्यापासून ठरलेलं. मग माझ्या हाताशी उरलं काय, तर दात. मान जराशी डावीकडे कलती करायची आणि कट्. त्याची नस मेली आणि रूट कॅनाल करून कॅप बसवली, तेव्हा तू बरोबर होतीस. दवाखान्यातल्या पडद्यांची शिलाई बघून आपण दोघी किती फिदीफिदी हसलो होतो, ती रिसेप्शनवरची बाई चिडली होती. आणि कॅप बसली त्याच संध्याकाळी मी त्याच दातानं पुन्हा दोरा तोडला. तू कपाळावर हात मारून घेतलास.

तू हे गाव सोडून गेल्यावर कधीतरी त्या दाताच्या वर, हिरडीवर, एक पुळी आली. टाचणीच्या डोक्याएवढी. फुटायची, तोंड कडू व्हायचं, मग जायची आणि थोड्या दिवसांनी परत हजर. दुखत मात्र अजिबात नव्हतं, म्हणून मी तिच्याकडे काणाडोळा केला. आता दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आहेत, आपल्यापेक्षा बऱ्याच लहान, पण बोलायला एकदम सरळ. एक्स-रे दाखवून म्हणाल्या, मावशी, दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका. मुळाच्या टोकाशी हाड पोखरून काळा डाग झाला होता. आतला पू वाट काढून पुळीतून बाहेर यायचा, म्हणून ठणका नव्हता. रूट कॅनाल पुन्हा करता येईना, कारण कॅपच्या आत खिळा बसवलेला आहे, वरून जायला रस्ताच नाही. मग म्हणाल्या, दात काढून टाकू, नाहीतर बाजूनं जाऊन मुळाचं फक्त टोक कापू. मी म्हटलं, टोक कापा. दात गेला तर माझं दुकान कसं चालेल, असंही म्हणून बसले. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तू असतीस तर तुला ते काम आवडलं असतं, खरंच सांगते. भूल दिल्यावर दुखलं नाही, पण कळत सगळं होतं. हिरडीला चीर देऊन त्यांनी ती कॉलर उलटवावी तशी वर उलटवली. मग हाडाला बारीकशी खिडकी पाडली, त्या आवाजानं माझे पाय आपोआप हलायला लागले, खालून मशीन चालवल्यासारखे. तिथून मुळाचं टोक कापलं, आजूबाजूची घाण खरवडून काढली, मुळाला त्या कापलेल्या टोकाकडून बूच बसवलं आणि हिरडी परत जागेवर आणून टाके घातले. मी आरसा मागून घेतला. टाके बघितले, एकसारखे, कुठे ओढ नाही. मी अंगठा वर करून दाखवला, तर बाई लाजल्या.

मात्र एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जे खरवडून काढलं, ते त्यांनी एका छोट्या बाटलीत घातलं. तपासायला पाठवायचं म्हणाल्या, सगळ्यांचंच पाठवतो. असेल. पण बाटलीचं झाकण लावायच्या आधी त्यांनी ती उजेडात धरून बघितली, खाली ठेवली, आणि परत उचलून बघितली. एक्स-रेवरून वाटलं त्यापेक्षा मोठं निघालं, एवढंच बोलल्या. बहुतेक वेळा साधंच असतं, हेही म्हणाल्या. मग हातमोजे काढता काढता विचारलं, मावशी, घरी कोण असतं? माप घेताना मी अशीच विचारते, अगदी सहज, गिऱ्हाइकाच्या पोटाकडे न बघता, मागच्यापेक्षा जरा सैल ठेवू का म्हणून. त्यामुळे सहज विचारलेलं मला लगेच कळतं. रिपोर्ट घ्यायला याल तेव्हा कुणाला तरी बरोबर आणा, म्हणाल्या.

तेव्हापासून हे असं चाललंय. बर्फ लावते, काढून ठेवते, परत लावते. गार सूप पिते, तेही उभ्यानं. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आहे, म्हणून काल म्हटलं, वाकायला बंदी आहे, उभं राहून कापायला तर नाही! तर बाह्या सगळ्या एकाच हाताच्या कापून बसले. कापड उलटून ठेवायचं विसरले. तू असतीस तर महिनाभर चिडवलं असतंस. मी त्या डाव्या बाह्यांच्या ढिगाकडे बघून रडले बाई, बाह्यांसाठी रडतं का कुणी? ओठ ताणू नये म्हणून तोंड न वाकवता रडायचं, ते तर अजूनच अवघड. सारखी जीभ टाक्यांवर जाते. आत्तासुद्धा लिहिता लिहिता मधेच उठून दार नीट लागलंय का बघून आले. भरदुपारी!

तुझे घड्याळवाले कसे आहेत? त्यांना सांग, मी अजून रागावलेलीच आहे. कोटाचं अस्तर उसवलं म्हणून ते चौथ्यांदा की पाचव्यांदा आले, तेव्हाच मला सगळं समजलं होतं. झिजून उसवलेली शिवण वेगळी दिसते आणि बारीक पात्यानं एकेक टाका कापलेली वेगळी. घड्याळं उघडायच्या हत्यारानं स्वतःचंच अस्तर कापून आणायचे, शहाणे! मी चकार शब्द बोलले नाही. उलट अस्तर मुद्दाम हळूहळू शिवायचे, म्हणजे तुमचं बोलणं व्हायचं. मला वाटलं, दोन घटका गप्पा मारतील, तुझं मन रमेल आणि गडी आपल्या वाटेनं जाईल. तू त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावाला जाशील, ह्या वयात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अजूनही मला ते पटलेलं नाही. तू सुखात आहेस असं औषधवाल्याची बायको सांगते, आणि मला बरं वाटतं, आणि लगेच रागही येतो. असं आहे बघ.

आता खरं सांगते, त्यासाठीच हा कागद घेतलाय. रिपोर्ट आलासुद्धा. दवाखान्यातून फोन आला, मग पुन्हा आला, आज सकाळी तर डॉक्टरीणबाईंनी स्वतः केला. फोनवर काही सांगत नाहीत, या म्हणतात. मी दरवेळी कामाची सबब सांगते. औषधवाल्याची बायको यायला तयार आहे, चांगली आहे बिचारी, पण मला तिच्या शेजारी त्या खुर्चीत बसून काही ऐकायचं नाही. पत्राऐवजी मला तुला फोनही करता आला असता. केलाही, घड्याळवाल्यांनी उचलला आणि मी ठेवून दिला, कारण तोंड उघडलं असतं तर माझ्याकडून नेहमीसारखं काहीतरी टोचून बोललं गेलं असतं. मला भीती वाटतेय गं. खूप वाटतेय. माझी दया आली म्हणून आलीस तरी चालेल, त्यांना घेऊन आलीस तरी चालेल, मागचं काही काढणार नाही. आजच्या फोनवर मात्र शेवटी सोमवारी सकाळची वेळ घेतलीय. बरोबर कोण आहे, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं की माझी बहीण येणार आहे, ती नेहमीच येते. तुला न विचारताच सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच, वाट बघणारी,
ताई