सदूचा डावा डोळा

श्रीवर्धन
२४ नोव्हेंबर २०२४

चि. पूनम,
अनेक आशीर्वाद. सदूनंतर तुझ्या नावामागे काय लावायचं ते शास्त्रात लिहिलेलं आहे. संस्कृत शिकवूनही मी ते मानत नाही, म्हणून नुसतं 'चि.'

इकडे सुपारी उतरतेय. माकडं आमच्याआधी कामाला लागतात.

प्रज्योतच्या डोळ्यांतली एक बाहुली मोठी, एक लहान, ते उपजतच आहे असं डॉक्टर म्हणाले, हे कळून जीव खाली पडला. दोन वर्षांचा असतानाच्या फोटोतही तसंच दिसतं म्हणालीस. तो फोटो जपून ठेव, पुढे कुणी डॉक्टर विचारतील. आमच्या अप्पांच्याही अशाच होत्या. म्हणजे त्यांची जमीन काकांकडे गेली आणि बाहुल्या नातवाकडे.

तू विचारलंस, "भाऊजी, फोनवर एवढे ओरडलात का? 'आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने', मी घाबरलेच."

सात वर्षं न सांगितलेलं सांगतो.

त्या दिवशी तू बोर्लीला माहेरी होतीस. सदू एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी धरायला गेला आणि खोडावर डोकं आपटलं, हे तुला ठाऊक आहे. हसतच उतरला. तासाभराने म्हणाला, "दादा, डोकं ठणकतंय रे." मग ओकला. मी कोकम सरबत दिलं. उजेडात बघतो तर डावी बाहुली उजवीच्या दुप्पट.

मी म्हणालो, "वा, अप्पा आले की डोळ्यात. उशिरा का होईना."

तो हसला. "झोपू?"

"झोप."

अडतीस वर्षं ते डोळे बघत होतो, पूनम. दोन्ही सारखे होते. जन्मापासूनचा फरक वेगळा आणि आज उपटलेला वेगळा. डोक्याला मार, ओकारी, झापड आणि त्यात बाहुली मोठी झालेली दिसली की क्षणभरही थांबायचं नसतं. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो गाडीतच गेलेला होता. त्याआधी दोन तास मी त्याला झोपू दिलं, आणि तुला म्हणालो, "काही कळायच्या आत गेला."

अजून वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी वर बघते आणि मी श्लोक मध्येच सोडून तिच्या बाहुल्या बघत राहतो. मुलींना वाटतं, सर विसरले.

दर श्राद्धाला तू माझ्या पाया पडतेस. म्हणतेस, "तुम्ही जवळ होतात, म्हणून ते एकटे गेले नाहीत." मी आशीर्वाद देतो. सात वर्षं देतोय.

यंदाचं श्राद्ध शुक्रवारी. यावंसं वाटलं तर ये. पाया मात्र पडू नकोस.

जवळ असलेला,
दिगंबर