ही फाइल तुझी का?

३ जून, सोमवार
या वयात नवा शर्ट घालून नोकरीला निघालो! सूनबाई पुढे, मी मागे. तिच्याच ऑफिसात तिनं माझ्यासाठी शब्द टाकला. खिडकीजवळची जागा मिळाली आणि फिरती खुर्ची. बसताना जरा घरंगळलो, पण कुणी पाहिलं नसावं. इथल्या साहेबांना सगळे 'मास्तर' म्हणतात. ते म्हणाले, तुम्ही नुसत्या आकड्यांवरून चिपचा प्रोग्राम वाचता, असं सूनबाईंनी सांगितलंय. मी मान डोलावली. शाळा अर्धी सुटली तेव्हापासून मान डोलावणं मला फार चांगलं जमतं.

काम असं आहे. एक नवा प्रोसेसर आलाय आणि त्याचे प्रोग्राम वेगळ्याच घडणीच्या फायलींत असतात. आपल्याकडची टूल्स त्यांना ओळखत नाहीत. एक टूल फाइल उघडून दाखवतं, एक तुकडे जोडतं, एक आतली सगळी नावं पुसून फाइल हलकी करतं. या सगळ्यांना नवी ओळख मी शिकवायची.

५ जून
ओळखीची रीत मोठी गमतीची. फाइल आली की टूल एकेका प्रोसेसरच्या दारात जाऊन विचारतं, ही फाइल तुझी का? जो 'हो' म्हणेल त्याच्या ताब्यात. पण 'हो' म्हणण्याआधी फाइलच्या कपाळावरची खूण, म्हणजे अगदी सुरुवातीचे आकडे, तपासायची असते. ती खूण कधी सुलट असते, कधी उलट. केव्हा कोणती, ते माहितीपुस्तकातल्या एका इंग्रजी परिच्छेदात आहे. वाचून वाचून डोळे शिणले, डोक्यात काही शिरेना. सूनबाई शेजारच्याच टेबलाशी बसते. एका वाक्यात सांगेल. पण तिनं माझी एवढी तारीफ करून ठेवलीय, आता कोणत्या तोंडानं विचारू?

७ जून
माझी तपासणी खऱ्या फायलींनाही हाकलून देते. जेवणानंतर मास्तर बघायला येणार होते. शेवटी तपासणीच काढून टाकली आणि तिथं नुसतं 'हो' लिहून ठेवलं. सगळ्या फायली झटक्यात उघडल्या! मास्तरांनी पाठ थोपटली. सूनबाई साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघितलंत? आमच्या बाबांना म्हातारं समजलात की काय?" जमीन दुभंगावी असं वाटलं. सोमवारी गुपचूप नीट करीन.

१० जून
नीट केलं नाही. मास्तर दुसऱ्या खोलीतल्या लोकांना माझं काम दाखवत होते, मध्येच कसं बोलणार?
नावं पुसणारं टूल मास्तरांनी चालू केलंय, ते आता ऑफिसातल्या सगळ्या डिस्कवरून फिरतंय. सूनबाईनं तिथं ठेवलेले नातीचे फोटो, पत्रं, गाणी, सगळं त्याला नव्या प्रोसेसरचंच वाटतं, कारण सगळ्यालाच माझं 'हो' आहे. फोटोंखालची नावं गेली.
संध्याकाळी मास्तर आपल्याच खोलीच्या दाराशी उभे होते. नावाची पितळी पाटी कोरी, घासून काढल्यासारखी. मला विचारलं, "कुणाची हो ही खोली?" चेष्टा असेल.

११ जून
चेष्टा नव्हती. ऑफिसात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. अहो, अगं, इकडे बघा, एवढंच.
शाळेच्या फाटकाशी नातीला बोलवायला सूनबाईनं तोंड उघडलं आणि तशीच उघड्या तोंडानं उभी राहिली. पोरगी आपणहून धावत आली म्हणून बरं.
सूनबाईचं नाव इथं लिहायला गेलो. तिच्या लग्नाच्या पत्रिकेवर मीच ते छापून घेतलं होतं. ते —

१२ जून
ती रडली. बाबा, मला काय होतंय, म्हणाली. तो परिच्छेद मला समजावून सांग, एवढंच म्हणायचं होतं मला. जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, झोप झाली नसेल तुझी.
माझ्यासारखा नालायक मीच.
ऑफिसात जाऊन पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. मग 'हो' खोडलं आणि तिथं 'नाही' लिहिलं. आता कुणाचीच फाइल घेणार नाही, कुणाचंच काही पुसणार नाही. हे तरी बरोबर असेल ना?

१३ जून
पुसलेली नावं आली नाहीत. आणि —
मास्तरांनी मला दारातच अडवलं. कोण हवंय, विचारलं. त्यांनाही आत कुणी ओळखत नव्हतं.
पळत घरी. नात जिन्यात बसलेली. शेजारीण तिला शाळेतून घेऊन आली होती. सूनबाई आज घरीच होती, तिला शेजारणीनं विचारलं म्हणे, ही मुलगी तुझीच ना गं?
सूनबाईनं नीट बघितलं म्हणे. नाही म्हणाली. दार लावून घेतलं.

तेव्हापासून जिन्यातच. पोरीनं माझं बोट धरलंय. दार वाजवलं. माहितीपुस्तक पुढे केलं, म्हणालो, एवढं समजावून सांगा, मला कळत नाही. किती सोपं होतं म्हणणं — तिनं फटीतून पाहिलं. पुन्हा दार बंद.

शेजारीण वर येतेय. माझ्याकडे बघतेय. तेच विचारतेय, आजोबा, ही तुमची का?
पोरगी माझ्या तोंडाकडे बघतेय.
उत्तर मला येतं. हे तरी येतं मला. नुसतं म्हणायचं, न —